प्रायन मेल्याचा दाखला

संस्थेत तिला सगळे आरएनएबाई म्हणत. जिन्यात कोणी सापडलं की ती त्याला आरएनए म्हणजे काय ते समजावून सांगायला लागे, आणि समोरच्याची बस चुकेपर्यंत सांगत राही. त्यावरून हे नाव पडलं. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला काही गैर वाटत नव्हतं. निदान शब्द तरी लोकांच्या तोंडात बसला, असं ती म्हणे.

तिचं काम सांगायला तसं सोपं होतं. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत एक प्रथिन असतं, निरुपद्रवी, नीट घडी घातलेलं. लाखातल्या एखाद्याच्या बाबतीत त्याची घडी चुकते, आणि ते चुकलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही आपल्या वळणावर नेतं. हेच प्रायन. मग चालतंबोलतं माणूस चार-सहा महिन्यांत तोल जाऊन, ओळख विसरून संपतं. औषध नाही. आता हे प्रथिन किती बनवायचं ते पेशी आरएनए नावाच्या चिठ्ठ्यांवरून ठरवते. शिवाय काही बारीक आरएनए असे असतात की ते या चिठ्ठ्या मधेच अडवून धरतात. तिला उंदरांच्या मेंदूत असा एक अडवणारा सापडला होता. आजारी माणसांच्या मेंदूत हा अडवणारा कमी पडलेला असतो का, एवढाच तिचा प्रश्न. त्या एवढ्याशा प्रश्नाला अकरा वर्षं लागली होती, कारण उत्तरासाठी लागणारा मेंदूचा तुकडा गेलेल्या माणसाच्या घरच्यांकडे मागावा लागतो, आणि तो मागायला बरी वेळ अशी कधी नसतेच. तरी तिने दोनशे बारा तुकडे जमवले. तेवढे झाले की मोजणी सुरू करायची, असं ठरलं होतं. मोजणी पुढच्या महिन्यात होती.

हे दोनशे बारा तुकडे छोट्या नळ्यांमध्ये, उणे ऐंशी अंशांवर, तिसऱ्या मजल्याच्या बोळाच्या टोकाला एका जुन्या फ्रीजरमध्ये होते. फ्रीजरवर लोक छत्र्या ठेवत. मागच्या बाजूने गरम हवा येते म्हणून संस्थेचे सुरक्षा अधिकारी रोज आपला जेवणाचा डबा तिथे टेकवून ठेवत, म्हणजे दुपारी कोमट मिळे. आत काय आहे ते दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. अकरा वर्षांत ते कोणी वाचलं नव्हतं. नवा फ्रीजर मिळावा म्हणून तिने दोन वर्षांत तीन अर्ज केले होते आणि तिन्ही विचाराधीन होते.

एका सोमवारी सकाळी नऊ चाळीसला ती आली तेव्हा फ्रीजरवरचे लाल आकडे उणे एक्कावन्न दाखवत होते.

तिने मनात हिशेब केला. दार उघडलं नाही तर संध्याकाळी पाचपर्यंत आतलं वितळायला लागणार नाही. म्हणजे सात तास हातात होते, आणि काम अर्ध्या तासाचं होतं. शेजारच्या विभागाच्या फ्रीजरमध्ये दोन कप्पे रिकामे होते. तिथल्या प्रमुखांना विचारलं, तर त्यांनी वर न पाहताच हो म्हटलं. मग तिने मेकॅनिकला फोन केला. तो बाराला येतो म्हणाला. एवढं झाल्यावर तिच्यातली शिक्षिका जागी झाली. सगळ्यांना कळवलेलं बरं, म्हणून तिने संपूर्ण इमारतीला एक ईमेल लिहिली. फ्रीजर बंद पडतोय, आरएनए फार नाजूक असतं, नमुने हलवावे लागणार आहेत, कृपया बोळ मोकळा ठेवावा. पत्र अगदी खरं आणि मुद्देसूद होतं. त्यात प्रायन हा शब्द चार वेळा होता.

मग तिने घरी फोन करून जेवायला उशीर होईल म्हणून सांगितलं. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. बाबांनी चौतीस वर्षं एका कार्यालयात आवक-जावक विभाग सांभाळला होता. जगात घडलेली गोष्ट त्यांच्या लेखी नोंद झाल्यावरच घडलेली असे.

"ईमेल वाऱ्यावर जाते," बाबा म्हणाले. "कागद दे. पोहोच घे. शिक्क्याखाली वेळ लिहून घे."

तिला वैताग आला. पण बाबांशी वाद घालण्यापेक्षा कागद देणं लवकर झालं असतं, म्हणून तिने चार ओळी लिहून संचालकांच्या कार्यालयात दिल्या. कारकुनाने शिक्का मारला. दहा वाजून पाच मिनिटं.

ती परत वर आली तेव्हा शेजारच्या प्रमुखांच्या दाराला कुलूप होतं. दारावर चिठ्ठी होती, की ते तातडीच्या घरगुती कामासाठी गेले आहेत. साडेदहापर्यंत त्या मजल्यावरच्या सगळ्यांनाच घरगुती कामं निघाली. पावणेअकराला खालच्या दोन मजल्यांवरची माणसं पायऱ्यांवरून उतरत होती. काहींनी नाकाला रुमाल लावले होते. प्रायन हवेतून येत नाही हे ती कठड्यावर वाकून सांगत होती. पण ज्या बाईंनी अकरा वर्षं त्यांची बस चुकवली होती, त्यांचं ऐकायला आज कोणी थांबणार नव्हतं.

अकरा वाजता सुरक्षा अधिकारी आले. बोळाच्या तोंडाशी त्यांनी पिवळी पट्टी लावली, एक पहारेकरी उभा केला आणि कोणालाही आत सोडायचं नाही असं सांगितलं. तिलाही नाही. तिने विचारलं, आजवर आम्ही रोज आत जात होतो, तुम्ही स्वतः जात होता, मग आजच काय झालं? ते म्हणाले, आजवर कळवलेलं नव्हतं, आता कळवलंय. हे सांगताना त्यांची नजर फ्रीजरवरच्या आपल्या डब्याकडे गेली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. डबा तिथेच राहिला.

तिने संचालकांना फोन लावला. संचालक त्या वेळी गाडीत होते आणि गाडी संस्थेपासून लांब चालली होती. त्यांनी तिला शांत राहायला सांगितलं. एक समिती नेमली आहे, समिती दुपारी अडीचला बसेल, तोवर पट्टी ओलांडली तर तो शिस्तभंग होईल आणि प्रकल्प बंद करावा लागेल, असंही ते जाता जाता म्हणाले.

बाराच्या ठोक्याला मेकॅनिक आला. त्यालाही पट्टीशी अडवलं. तिने त्याला आत काय आहे ते सांगितलं, आणि हातमोजे घातले तर काही होत नाही हेही सांगितलं. त्याने मान हलवली. मग बोळाच्या तोंडाशीच कान देऊन तो थोडा वेळ उभा राहिला.

"मोटर चालू करणारा रिले गेलाय," तो म्हणाला. "माझ्याकडे आहे. वीस मिनिटांचं काम."

त्या दिवशी त्या इमारतीत एकाच माणसाने एकच उपयोगाचं वाक्य उच्चारलं, ते हे. तो दोन तास पायरीवर बसून राहिला. दोन वाजता त्याला दुसरीकडे जायचं होतं, तेव्हा तिच्याकडे न बघता गेला.

अडीचला समिती बसली, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या घरी पडद्यासमोर बसला. ती मात्र जिन्याच्या कठड्याला लॅपटॉप टेकवून उभी होती, कारण तिथून फ्रीजरवरचे आकडे दिसत होते. तेव्हा उणे चोवीस होते. सुरक्षा अधिकाऱ्यांनी एक नमुना पत्रक काढलं. धोकादायक जैविक पदार्थ हलवायचा असेल तर हे भरावंच लागतं. पहिल्याच रकान्यात घोडं अडलं. पदार्थ जिवंत आहे की मृत, यावर खूण करायची होती.

दोन्ही नाही, ती म्हणाली. प्रायन हा जंतू नाही. ते जिवंत नसतं, म्हणून ते मरतही नाही.

अधिकारी म्हणाले, चौकोन दोनच आहेत. मृत म्हणायचं तर मेल्याचा दाखला लागेल.

इथे तिने ती चूक केली, जी ती पुढे कितीतरी दिवस मनात उगाळत राहिली. तिने समजावून सांगायला घेतलं. प्रथिन म्हणजे काय, घडी म्हणजे काय, उकळून किंवा नेहमीच्या वाफेने प्रायन का जात नाही, कॉस्टिक सोडा का लागतो. तिने कागदावर आकृत्या काढून पडद्यासमोर धरल्या. चाळीस मिनिटं ती बोलली, आणि प्रत्येक वाक्यागणिक समितीची भीती वाढत गेली. उकळून जात नाही हे ऐकल्यावर एका सदस्याने कॅमेरा बंद केला. शेवटी तिने मूळ मुद्दा मांडला, की तुम्ही ज्याला घाबरताय त्याला ऊन, पाऊस, वर्ष-दोन वर्षं काहीच करत नाहीत. आणि मला जे हवंय, ते आरएनए, ते संध्याकाळनंतर राहणार नाही.

संचालकांनी तिच्या तळमळीचं कौतुक केलं. विषय गंभीर असल्यामुळे तज्ज्ञाचं मत घ्यावं, असं ठरलं. या विषयातली तज्ज्ञ मीच आहे, असं ती म्हणाली. त्यावर समितीच्या अध्यक्षांनी हसून सांगितलं की म्हणूनच तुमचं मत घेता येत नाही, तुमचे हितसंबंध गुंतलेले आहेत. लांबच्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांना पत्र पाठवायचं ठरलं आणि सभा संपली.

ती पट्टीपाशी उभी राहिली. पहारेकरी तिच्या ओळखीचा होता, वयस्क, गुडघेदुखीचा. ती धावली असती तर त्याला तिला अडवता आलं नसतं, आणि बहुधा त्याने अडवलंही नसतं. हातमोजे तिच्या खिशात होते. उणे अकरा झाले. उणे सहा झाले. पाच वाजून दहा मिनिटांनी शून्य झालं. ती उभीच होती. मग ती घरी गेली.

बाबांनी जेवण झाकून ठेवलं होतं. समिती नेमल्याचं कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे निर्णय घ्यायचा नाही, हा निर्णय सकाळीच झाला होता. आमच्याकडेही असंच व्हायचं." तिला ते ऐकवलं नाही. ती न जेवता उठली.

सहाव्या दिवशी लांबच्या प्राध्यापकांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की या विषयात आपला अभ्यास तोकडा आहे, तुमच्याच संस्थेत एक बाई आहेत, त्यांना विचारावं. हे उत्तर समितीपुढे ठेवण्यात आणखी तीन दिवस गेले. नवव्या दिवशी फ्रीजर उघडायची परवानगी मिळाली. आठ माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख घालून बोळाच्या या टोकाला उभी राहिली आणि त्यांचे फोटो निघाले. त्या टोकाला जाऊन दार प्रत्यक्ष उघडलं ते तिने, साधा ॲप्रन, चष्मा आणि दुहेरी हातमोजे घालून. जो वास यायचा तो आला. फोटोग्राफर आधी पळाला, पांढरे पोशाख त्याच्या मागोमाग.

पुढचा आठवडा तिने एकटीने मोजणी केली. आरएनए किती शाबूत आहे ते यंत्र एक ते दहा आकड्यांत सांगतं. हे तुकडे ठेवले तेव्हा सात होते, आठ होते. आता एकही दोनच्या वर नव्हता. चिठ्ठ्यांचा भुगा झाला होता, त्यात अडवणारा कोण आणि पुढे जाणारा कोण हे सांगणं शक्य नव्हतं. मग तिने प्रायनची चाचणी केली. प्रायन दोनशे बाराच्या दोनशे बारा नळ्यांत होतं आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. संस्थेने अडवून ठेवायचं ते राखून ठेवलं होतं आणि राखायचं ते घालवलं होतं.

यानंतर दोष कोणाचा, याची चौकशी आली. संचालकांनी तिला बोलावून घेतलं आणि सौम्यपणे विचारलं, की बिघाड लक्षात आल्यावर तिने कार्यालयाला लेखी का कळवलं नाही. ईमेल जमेला धरता येत नाही, तिच्यामुळे तर घबराट पसरली. तिने पिशवीतून पोहोच काढून टेबलावर ठेवली. शिक्का, तारीख, दहा वाजून पाच मिनिटं. तिच्याखाली फ्रीजरच्या तीन अर्जांच्या पोहोची, बाबांनी टाचून दिलेल्या. संचालकांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. मग ते म्हणाले की आपण सगळे एकाच कुटुंबातले आहोत, दोष शोधण्यात काय अर्थ आहे.

समितीचा अहवाल सत्तेचाळीस पानांचा झाला. वेळीच पावलं उचलल्यामुळे मोठा अनर्थ टळला, असा त्याचा सारांश होता. नुकसान या मथळ्याखाली निरंक लिहिलं होतं, कारण नमुने विकत घेतलेले नव्हते, सबब त्यांना किंमत नव्हती. सह्यांसाठी अहवाल टेबलावर फिरला. तिच्यासमोर आला तेव्हा तिने तो वाचला आणि सही न करता पुढे सरकवला. अंतिम प्रतीत तिच्या नावापुढे अनुपस्थित असं छापून आलं. ती अध्यक्षांच्या उजव्या हाताला, तिसऱ्या खुर्चीत बसलेली होती. सुरक्षा अधिकाऱ्यांना बढती मिळाली. प्रायन संकटाचं व्यवस्थापन या विषयावर ते आता ठिकठिकाणी व्याख्यानं देतात आणि म्हणे छान बोलतात. डब्याचा उल्लेख करत नाहीत.

नमुने दिलेल्या घरांना कळवायला हवं होतं. कार्यालयाने मसुदा पाठवला, की संशोधन प्रगतिपथावर असून आपल्या सहकार्याबद्दल आभार. तिने तो फाडला आणि स्वतः पत्र लिहिलं. तुमच्या माणसाचा नमुना आमच्या हातून वाया गेला, कसा गेला, आणि त्यात मी काय केलं नाही. बाबांनी दोनशे बारा पाकिटं चिकटवली आणि प्रत्येकाचा जावक क्रमांक वहीत घातला.

बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. नवव्या-दहाव्या दिवशी एक टेलरबाई मात्र पत्र हातात घेऊन थेट प्रयोगशाळेत आल्या. साठीच्या, बारीक, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. सात वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते. बस चालवायचे. वीस वर्षं ज्या मार्गावर गाडी चालवली, त्यावरचं वळण एके दिवशी त्यांना आठवेना. त्यानंतर चार महिने.

टेलरबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं.

"वीस मिनिटांचं काम होतं, असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"आणि तुम्ही दारात उभ्या होता."

"हो. आत जायची परवानगी नव्हती."

"परवानगी," टेलरबाई म्हणाल्या. "मी तुमच्या कागदावर सही केली ना, तेव्हा माझी जाऊ म्हणाली, मेंदू काढून देतेस, तुला लाज नाही का? दीर दोन वर्षं बोलले नाहीत. मी कोणाची परवानगी घेतली नव्हती, बाई."

 तिने रडायचं टाळलं, कारण रडली असती तर टेलरबाईंना तिची समजूत काढावी लागली असती.  मग टेलरबाईंनी विचारलं, आता पुढे काय. पुन्हा पहिल्यापासून, ती म्हणाली, पण त्याला आधी फ्रीजर हवा, आणि अर्ज विचाराधीन आहे. चौथा.

"कोण विचार करतंय त्याच्यावर?"

तिने संचालकांच्या कार्यालयाचा मजला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरबाई संचालकांच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. सोबत हातशिलाईचं काम आणलं होतं. काय काम आहे, असं कारकुनाने विचारल्यावर त्यांनी सांगितलं, फ्रीजरचं. आपण कोण, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, फ्रीजरमध्ये माझे यजमान होते. कारकुनाने खुर्ची मागे घेतली. तासाभरात ती खोली रिकामी झाली. टेलरबाईंना काहीही झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं. नवऱ्याशेजारी बसून हा आजार लागत नाही. पण हे त्या इमारतीत एकाच व्यक्तीला नीट माहीत होतं. टेलरबाई दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. पाहुणे जिन्यातूनच परत जाऊ लागले. मधूनच बाई शिंकत. धाग्याच्या कसपटाने त्यांना शिंका येत, वर्षानुवर्षांची सवय होती. चौथ्या दिवशी संचालक मागच्या दाराने ये-जा करू लागले.

कारकून वर आला आणि तिला दारातूनच विचारू लागला, की त्या बाईंपासून काही धोका आहे का, तुम्हीच सांगा, तुम्हीच तज्ज्ञ. तिच्या टेबलावर कोरा कागद होता, पेन होतं. प्रथिनाची घडी काढून दाखवायला दोन मिनिटं लागली असती. तिने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"मला मत देता येणार नाही," ती म्हणाली. "माझे हितसंबंध गुंतलेले आहेत."

त्या शुक्रवारी अर्ज मंजूर झाला. संध्याकाळी हे बाबांना सांगताना तिला आधी हसू आलं आणि मग शरम वाटली. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही, असं ती म्हणाली. बाबांनी मंजुरीचं पत्र उजेडात धरून त्यावरचा क्रमांक तपासला आणि क्रमांक बरोबर आहे म्हणाले.

फ्रीजर दीड महिन्याने आला. तोच मेकॅनिक जोडणीला आला होता. त्याने गजराची वायर थेट तिच्या टेबलापर्यंत ओढून दिली, आणि एक जादा रिले तिच्या खणात टाकून ठेवला. पहिला कप्पा भरायला तिला तीन वर्षं लागतील. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्तही लागतं, तेव्हा टेलरबाईंनी बाही वर करून आधी आपलं दिलं आणि पुढच्या आठवड्यात जावेला घेऊन आल्या. जाऊ सुईला घाबरली.